आमचा निरोप्या

माजघराच्या दारावर, जिथं पूर्वी घड्याळ होतं, तिथं आमचा राउटर बसतो. रंगानं पांढरा, आता धुरानं जरा पिवळट. पाठीला चार अँटेना, त्यातली एक कायम कललेली. पोटाखाली स्टिकर आहे. त्यावर त्याची सगळी कुंडली छापलेली: मॉडेल, सिरीयल नंबर, मॅक ॲड्रेस आणि कारखान्यातून येतानाचा पासवर्ड. तो पासवर्ड मी पहिल्याच दिवशी बदलला. तुमच्याकडे अजून तोच चालू असेल तर आजच बदला.

दारावरची जागा त्याला मी विचार करून दिली. मळवलीजवळचं आमचं घर आजोबांनी बांधलेलं, भिंती दगडी आणि हातभर जाड. राउटर बोलतो दोन लहरींवर. 5 गिगाहर्ट्झची लहर वेगाची, पण भिंत आली की दम सोडते. 2.4 ची हळू चालते, पण दगड ओलांडून पलीकडे जाते. टीव्हीच्या मागं होता तेव्हा तो निम्म्या घराला भेटतच नव्हता. आता ओटी, स्वयंपाकघर आणि गोठ्याच्या दारापर्यंत पोचतो. विहिरीपर्यंत मात्र नाही, त्यामुळे ई-पीक पाहणीचे फोटो टाकायला बाबांना बांधावर मोबाइलच्या रेंजचीच वाट बघावी लागते.

तो सतत कोमट असतो. पावसाळ्यात मावळात मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, काडेपेटी सादळते. आईनं काडेपेटी ठेवायला त्याच्या शेजारची जागा हेरली. जूनपासून ती तिथं असते, आणि काडी एका झटक्यात पेटते.

स्वभावाबद्दल सांगायचं तर हा माणूस निःपक्षपाती आहे. आजीला रात्री जेवणानंतर कीर्तन ऐकायचं असतं. धाकटी दहावीला आहे, तिला त्याच वेळी रसायनशास्त्राचा धडा बघायचा असतो. बाबा तांदळाच्या ऑर्डरी बघतात. आमचा इंद्रायणी आता पुण्यातली घरं व्हॉट्सॲपवरून मागवतात. हा वाण 1987 साली आमच्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आला, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. शनिवार-रविवारी धबधब्याला आलेली मंडळी आईच्या हातचं पिठलं-भाकरी खायला ओटीवर टेकतात आणि पाण्याच्या आधी वायफाय मागतात. त्यांनाही तो आत घेतो.

आमच्या घराचा बाहेरच्या जगाला एकच पत्ता दिसतो. आत मात्र राउटर प्रत्येक फोनला वेगळा नंबर देतो, 192.168.1 च्या पुढे कुणाला 4, कुणाला 7. आजीचं कीर्तन आणि धाकटीचा धडा एकाच धाग्यातून, बारीक बारीक तुकड्यांत, एकमेकांत मिसळून येतात. कुणी काय मागवलं याचा तक्ता तो मनात धरतो आणि प्रत्येक तुकडा ज्याचा त्याला देतो. सेकंदाला असे हजारो तुकडे जातात, तरी आजीच्या कीर्तनात रसायनशास्त्राचा एक शब्द कधी शिरला नाही. कॉलेजात नेटवर्किंगच्या तासाला हे शिकलो तेव्हा परीक्षेपुरतं शिकलो. घरी येऊन दाराकडे पाहिलं, तेव्हा त्याच्याबद्दल खरा आदर वाटला.

लाइट गेली की तो तक्ता पुसला जातो. ‘बंद करून चालू कर’ हा उपाय लागू पडतो तो यामुळेच: अडकलेल्या जुन्या नोंदी निघून जातात आणि तो नव्यानं सुरुवात करतो. पण पावसाळ्यात आमच्याकडे लाइट इतकी जाते, की शेवटी मी त्याला 12 व्होल्टची छोटी बॅटरी लावून दिली. मावळच्याच पावसावर, लोणावळा, वळवण आणि शिरवत्याच्या धरणांत साठवलेल्या पाण्यावर, टाटांनी 1915 पासून खोपोलीला वीज केली आणि मुंबईच्या गिरण्या चालवल्या. त्याच डोंगराखालच्या घरांना झडीच्या दिवसांत अंधारात बसावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

लोकांना वाटतं नेट हवेत असतं. हवेत ते फक्त या दारापासून हातातल्या फोनपर्यंत असतं. त्याच्या मागं काचेचा धागा आहे. सगळा सव्वाशे मायक्रॉन जाडीचा, आणि उजेड वाहून नेणारा गाभा अवघा 9 मायक्रॉनचा. बोटाभोवती घट्ट गुंडाळला तर त्यातून उजेड गळतो. काचेत उजेड सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो, म्हणजे इथून मुंबईला पोचायला त्याला एक मिलिसेकंदही लागत नाही. पुढं वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबली येऊन लागतात आणि तिथून जग सुरू होतं. मुंबईहून आमच्याकडे यायची वाट बोरघाटातली, आणि ने-आण करायचं हे काम त्याला नवं नाही. कल्याण-सोपाऱ्याचा माल घाटावर याच वाटेनं यायचा. भाजे-कार्ल्याची लेणी या वाटेच्याच आधारानं उभी राहिली. 1863 साली घाटातून रेल्वे आली, 2002 साली एक्सप्रेसवे पूर्ण झाला. लोकलनं आकुर्डीला जाताना मी खिडकीतून रुळांच्या कडेचे केबलच्या खुणेचे दगड बघतो. आजीचं कीर्तनही अशाच कुठल्या तरी कडेनं येत असणार.

राउटरच्या अंगावर एक दिवा आहे, खाली ‘एलओएस’ लिहिलेलं. तो एरवी विझलेला असतो. तो लाल लुकलुकायला लागला की समजायचं, धागा कुठंतरी तुटला, राउटरचा काही दोष नाही. तेव्हा बटणं दाबून उपयोग नसतो, केबलवाल्या दादांना फोन करावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात त्यांचं काम मी जवळून पाहिलं. रस्त्याकडेच्या टपरीच्या आडोशाला, गुडघ्यावर मशीन ठेवून ते बसले होते. मी वर छत्री धरली होती. तुटलेल्या टोकावरचं आवरण त्यांनी चिमट्यानं सोललं, स्पिरिटच्या कापसानं धागा पुसला, कटरमध्ये धरून सरळ छेद दिला. मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, थोडी सरकली, एका रेषेत थांबली. मग क्षणभर ठिणगी, आणि काच काचेत वितळून एक झाली. जोडावर बारीक नळी सरकवून त्यांनी ती तापवून बसवली. हात ओले, बोटं गारठलेली, तरी धागा जराही हलला नाही. घरी फोन केला, तर धाकटी म्हणाली, “लाल गेला, आलं नेट!” दादांनी टपरीवाल्याला दोन चहा सांगितले आणि पुढच्या तक्रारीचा पत्ता बघायला लागले.

आमच्या भागात हा धागा झाडं पडून तुटतो, पण त्याहून जास्त तुटतो तो जेसीबीच्या दातानं. बंगल्याचा पाया, पाण्याची लाइन, रस्त्याचं रुंदीकरण, काहीही निघालं की आधी खोदतात आणि मग खाली काय होतं ते बघतात. मार्च 2023 पासून सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप आहे. खोदायची जागा त्यात नोंदवली, की जमिनीखाली ज्यांच्या केबली-नळ आहेत त्यांना निरोप जातो. दिवाळीनंतर मावळात पुन्हा कामं निघतील. जेसीबी लावण्याआधी एवढी नोंद करा. तेही जमत नसेल, तर निदान गावातल्या केबलवाल्याला एक फोन करा.