वाकलेली पाठ

चैत्रात आमच्या गावातल्या बायका पहाटे चारला उठायच्या. मोहाची फुलं रात्रभर गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर हरणं, डुकरं कुणासाठी थांबत नाहीत. गाव चिमूर तालुक्यातलं, ताडोबाच्या जंगलाला लागून. मी नऊ वर्षांचा असेन. आजीच्या मागे टोपली धरून चालताना पांदणीच्या मऊ धुळीत मला एक पंजा उमटलेला दिसला. माझ्या दोन्ही तळव्यांत मावणार नाही एवढा. नखांची खूण नव्हती. चालताना तो नखं आत ओढून घेतो, हे मला नंतर कळलं.

"वाघ!" मी ओरडलो. आजीचा हात माझ्या तोंडावर आला.

"नाव नोको घेऊ त्याचं, बापा."

तिनं चप्पल काढून त्या ठशाला हात जोडले आणि आम्ही रिकामी टोपली घेऊन परत फिरलो. त्या दिवसाचा मोह आम्ही त्याला सोडला.

आजीच्या बोलण्यात वाघ नेहमी 'तो' असायचा. उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही, असं ती सांगायची. वाकलेली पाठ मात्र त्याला माणसाची वाटत नाही. आणि मोह वेचायचा म्हणजे तासन् तास वाकायचं. म्हणून चार मुठी वेचल्या की ती कंबर ताठ करायची आणि पलीकडच्या झाडाखालच्या शेजारणीला हाक द्यायची. तिकडून ओ यायची. अंधारात त्या हाका झाडाझाडांतून फिरत राहायच्या. माझ्यासाठी जंगलाचा पहिला आवाज तोच.

मी नागपूरला वसतिगृहात असताना एका एप्रिलमध्ये निरोप आला. आजीच्या हाकेला ओ आली नव्हती. मी गावी पोहोचलो तेव्हा शेजारच्या अंगणात माणसं खाली मान घालून बसली होती. वाघाला कुणी शिवी दिली नाही. पुढच्या चैत्रात आजी पुन्हा मोहाला गेली, कारण वर्षाच्या मीठमिरचीचा पैसा त्याच फुलांतून यायचा. शेजारणीच्या झाडाखालची फुलं त्या वर्षी कुणी वेचली नाहीत.

त्यानंतर मी शहराचाच झालो. वाघ मला आकड्यांतून भेटू लागला. २००६च्या गणनेत देशभरात जेमतेम १,४११ उरल्याचं वाचून मी हळहळलो. २०२२च्या गणनेत तो आकडा ३,६८२च्या घरात गेल्याचं आणि त्यातले ४४४ महाराष्ट्रात असल्याचं वाचून सुखावलो. पण जिवंत वाघ मी पाहिलेला नव्हता. त्याच्या इतक्या जवळ वाढूनही.

तो दिसला गेल्या मे महिन्यात, मुलीच्या हट्टापायी काढलेल्या ताडोबाच्या सफारीत. आमची गाइड बफरमधल्या एका गावातली तरुण मुलगी होती. पाणवठ्याजवळ वानर खाकरलं, पाठोपाठ चितळाची टोकदार हाक आली. "कॉल आहे," ती कुजबुजली आणि ड्रायव्हरनं जिप्सी बंद केली. बराच वेळ काही हललं नाही. मग बांबूच्या रांजीतून वाघीण बाहेर आली. कुणाकडेही न बघता पाण्याशी गेली, वळली आणि शेपटीकडून मागे मागे सरकत कंबरभर पाण्यात बसली. कानांमागचे पांढरे ठिपके स्पष्ट दिसत होते. काही वेळानं उठून ती काठावर वाकली आणि पाणी पिऊ लागली. चार घोट झाले की मान वर, कानोसा, पुन्हा चार घोट.

मोहाखालची आजी मला आठवली. तीही अशीच चार मुठींनंतर मान वर करायची.

मुलीनं तोंड उघडलं. त्या शब्दाच्या आधी माझा हात तिच्या तोंडावर गेला होता.

गेटवर परतल्यावर गाइड सहज म्हणाली, "माझी आई आज तेंदूपत्ता तोडायला गेली आहे. ती घरी येईपर्यंत माझं लक्ष लागत नाही." तेंदूची झुडपं बुटकी असतात. तिथेही वाकावंच लागतं.

ताडोबाला राष्ट्रीय उद्यान करून १९५५पासून सरकारनं राखलं, हे खरं. पण तारूवरून आलेलं ताडोबा हे नाव त्याहून जुनं आहे. तारू हा गोंडांच्या गावाचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो मेला, असं लोक सांगतात. त्याच्या माणसांनी तळ्याकाठी त्याचा देव मांडला. पौषात आदिवासी तिथे जत्रेला जमत आले आहेत. मारला गेलेला माणूस देव झाला आणि मारणारा वाघही जंगलात राहिला. पुढे वाघासाठी नवेगाव, जामणीसारखी गावं उठून बाहेर गेली. वाघ कायद्यानं वाचला, तितकाच या माणसांनी सोसलं म्हणून वाचला, असं माझं ठाम मत आहे. आपण वाघाच्या गणनेचा आनंद साजरा करतो तेव्हा त्यांचं देणं आपल्या हिशेबात असायला हवं. त्यांच्या घरी चुलीसाठी गॅस, पोटासाठी जंगलाबाहेरचं काम आणि हल्ल्यानंतर मदतीसाठी खेटे घालावे न लागणारी व्यवस्था, एवढं तरी.

सफारीहून परतणाऱ्या प्रत्येकाला गेटवर विचारतात, "दिसला का?" आमच्या गावात मोह वेचून आलेल्या बाईलाही हेच विचारायचे. ती "नाही" म्हणाली, की मगच घर जेवायला बसायचं.