शिवगड : ढासळलेला तट, टिकलेले दान

कोल्हापूरहून राधानगरीमार्गे कोकणात उतरणारी फोंडा घाटाची वाट व्यापाऱ्यांच्या जुन्या परिचयाची. कोकणातून मीठ आणि नारळ वर येत, घाटमाथ्यावरून गूळ आणि धान्य खाली जाई. या परिसरावर नजर ठेवणारा डोंगरी किल्ला म्हणजे शिवगड.

राजर्षी शाहू महाराजांच्या संकल्पातून साकारलेला राधानगरीचा लक्ष्मी तलाव मागे टाकून आपण दाजीपूरला पोहोचतो. अभयारण्याच्या प्रवेशद्वारी परवाना घेतल्यावर कच्चा रस्ता दाट झाडीत शिरतो. शेवटचा टप्पा पायी चढावा लागतो. माथ्यावर आता ढासळलेल्या तटाचे अवशेष, विखुरलेले चिरे आणि उगवाई देवीचे स्थान एवढेच उरले आहे. पश्चिमेच्या कड्यापाशी उभे राहिले की खाली कोकण पसरलेले दिसते.

सत्तेची ही खूण मातीत मिळत असताना व्यापाऱ्यांच्या दानाची एक नोंद मात्र शाबूत राहिली आहे. शिलाहार राजा गंडरादित्य याचा महासामंत निंबदेव याने बाजारपेठेत भगवान पार्श्वनाथांचे जिनालय उभारले. त्या जिनालयासाठी वीरवणंज या व्यापारी संघाने आपल्या मालावरील उत्पन्नाचा वाटा नेमून दिला, असे इ. स. ११३५ चा शिलालेख सांगतो. दुकानाच्या वहीत धर्मादाय खाते राखणाऱ्या आपल्या घरांना ही रीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

याच रानाला दुसरे एक दान लाभले. कोल्हापूर संस्थानाच्या काळी येथे राजघराण्याची शिकार चाले. १९५८ साली हे जंगल गव्यांसाठी राखीव झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात राधानगरीचाही समावेश झाला. सर्व दानांत श्रेष्ठ मानलेले अभयदान येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. बंदुकीच्या भीतीतून सुटलेला गव्यांचा कळप पहाटे निवांत चरताना दिसला, तर मुलांना अहिंसेचा अर्थ न बोलता उमगेल.

पावसाळ्यात अभयारण्य बंद असते. सहकुटुंब जाण्यास हिवाळा उत्तम. शिदोरी घरचीच न्यावी. सायंकाळपूर्वी जंगलाबाहेर पडावे लागते, तेव्हा सूर्यास्तापूर्वी भोजनाचा आपला नियमही सहज पाळता येतो. गडावरील एकही चिरा हलवू नये, उरलेले अन्न वन्यजीवांना घालू नये आणि आपला कचरा आपल्याबरोबर परत आणावा.