सेवाग्रामचा वैशाख

नागपूरहून भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनास निघालेला यात्रेकरू रेल्वेने जात असेल, तर वाटेत सेवाग्राम नावाचे स्टेशन लागते. गाडी काही मिनिटे थांबते आणि हिंगणघाट, वरोऱ्याकडे निघून जाते. बहुतेक यात्रेकरू या स्टेशनावर उतरत नाहीत. वैशाख-ज्येष्ठात तर उतरण्याचा विचारही कोणी करीत नाही, कारण वर्ध्याचे ऊन विदर्भातही प्रसिद्ध आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळतो, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि दुपारी रस्त्यावर पळस, कडुनिंब व गुलमोहर यांच्याखेरीज कोणी उभे नसते. तरीही सेवाग्राम समजून घ्यावयाचे असेल, तर ते याच महिन्यात पाहावे. या भूमीची कसोटी उन्हाळ्यातच लागली आहे.

सेवाग्रामचा आरंभच उन्हाळ्यातला. १९३० साली दांडीयात्रेस निघताना स्वराज्य मिळाल्याविना साबरमतीस परतणार नाही, असा संकल्प गांधीजींनी केला होता. जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने ते १९३४ मध्ये वर्ध्यास आले आणि मगनवाडीत राहू लागले. तेथून काही मैलांवरील शेगाव या खेड्यात मीराबेन आधीच जाऊन राहिल्या होत्या. ३० एप्रिल १९३६ रोजी, भर वैशाखात, गांधीजी या गावी राहावयास आले. नावातील साम्यामुळे त्यांची टपाले बुलढाणा जिल्ह्यातील शेगावी जात, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम करण्यात आले.

पहिली कुटी म्हणजे आदिनिवास. माती, बांबू, सिंदीच्या चटया आणि गावठी कौले यांची ती बांधणी. स्थानिक साहित्य, स्थानिक कारागीर आणि आखून दिलेला खर्च, अशी अट गांधीजींनी घातली होती. मीराबेनसाठी बांधलेली कुटी पुढे बापूकुटी झाली. तिच्या भिंतीवर मीराबेननी मातीत उठविलेली झाडांची आणि चरख्याची चित्रे आजही दिसतात. भर दुपारी या कुटीत पाऊल टाकताच गारवा जाणवतो. जाड मातीच्या भिंती, उतरते छप्पर आणि सारवलेली जमीन यांचीच ती किमया. तेथेच सर्प पकडण्याचा लाकडी चिमटा व पिंजरा ठेवलेला आहे. उन्हाळ्यात सावली शोधत साप कुटीत शिरत. त्यांना न मारता धरावयाचे आणि दूर रानात नेऊन सोडावयाचे, असा आश्रमाचा नियम होता. जैन यात्रेकरूची पावले या पिंजऱ्यापाशी हमखास थबकतात.

आश्रमाचा दिवस पहाटे चारच्या सुमारास प्रार्थनेने सुरू होई. उन्हाळ्यात ही शिस्त सोयीचीही ठरे, कारण जड कामे ऊन चढण्यापूर्वीच उरकावी लागत. झाडलोट, सफाई, दळण, पाणी भरणे, भाजी निवडणे, गोशाळा, कताई आणि शेती ही कामे वाटून दिलेली असत. संडास-सफाईही त्यांतच होती. मैला चरात घालून मातीने झाकावयाचा, त्याचे सोनखत होऊ द्यावयाचे आणि ते भाजीच्या वाफ्यांना घालावयाचे, अशी रीत होती. समाज ज्याला घाण म्हणून दूर लोटतो, त्यातूनच बागेला जीव मिळतो, हे तेथे शब्दांवाचून शिकविले जाई.

मे महिना हा खरे तर बागेचा कठीण काळ. विहिरी खोल जातात आणि पाण्याचा थेंब न थेंब हिशेबाने वापरावा लागतो. वऱ्हाड-विदर्भातील शेतकरी या दिवसांत झाडांची आळी नीट करून त्यांवर पाचोळा पसरतो, म्हणजे दिलेले पाणी उन्हाला पिता येत नाही. कोवळ्या रोपांवर पळाट्यांची किंवा झावळ्यांची सावली केली जाते. पाणी सकाळी किंवा सूर्य कलल्यावरच द्यावयाचे. दुसरीकडे शेतात पुढच्या खरिपाची तयारी चालू असते. जुन्या पऱ्हाटीची धसकटे वेचावयाची, शेणखत पसरावयाचे, जमीन वखरून मृगाची वाट पाहावयाची. ज्या महिन्यात काही उगवत नाही, त्याच महिन्यात पुढचे सारे उगवणे ठरत असते. १९३६ मध्ये गांधीजींनी लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेला बकुळ प्रार्थनाभूमीच्या परिसरात आज भरगच्च उभे आहेत. किती उन्हाळ्यांत कोणाकोणाच्या हातचे पाणी या दोन झाडांना मिळाले असेल, याची नोंद कोठेच नाही.

प्रार्थनेत रोज अकरा व्रते म्हटली जात. त्यांपैकी पहिली पाच, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि असंग्रह, ही जैन वाचकास नवी नाहीत. सहावे व्रत मात्र शरीरश्रमाचे आणि सातवे अस्वादाचे. अस्वाद म्हणजे आपल्या रसपरित्यागाचाच सख्खा भाऊ. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात गांधीजींनी दिवसात पाचांपेक्षा अधिक पदार्थ न घेण्याचे आणि सूर्यास्तानंतर न जेवण्याचे व्रत घेतले होते. श्रीमद् राजचंद्रांच्या सहवासाची छाया या साऱ्यावर दिसते. आश्रमाचे स्वयंपाकघर अर्थातच जैन नियमांचे नव्हते. लसूण-कांदा तेथे औषध म्हणून आणि अन्न म्हणूनही चाले. पण जिभेला लगाम घालण्याची शिकवण दोन्हीकडे एकच होती.

शरीरश्रमाचे व्रत मात्र आपल्याला थोडे थांबून विचार करावयास लावते. जमीन खणताना सूक्ष्म जीवांची हिंसा होते, या विचाराने जैन समाजाचा मोठा भाग शेतीपासून दूर होत व्यापाराकडे वळला, असे सांगितले जाते. मात्र आपल्याच परंपरेत भगवान ऋषभदेवांनी मानवास असि, मसि आणि कृषी शिकविल्याची कथा आहे. वर्धा जिल्ह्यातच, सेवाग्रामपासून थोड्या अंतरावर, धाम नदीकाठच्या पवनारला या प्रश्नाचे एक उत्तर मिळते.

१९३८ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी विनोबा अतिशय क्षीण झाले होते. वजन ८८ पौंडांवर आले होते. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा सल्ला त्यांना देण्यात आला. विनोबांनी त्याऐवजी जमनालालजींचा पवनारचा बंगला निवडला. धामचा पूल ओलांडताना आश्रमाच्या सर्व चिंता त्यांनी मनोमन सोडून दिल्या. मग औषध कोणते घेतले? कुदळ. पहिल्या दिवशी अगदी थोडा वेळ, पुढे रोज थोडा थोडा अधिक वेळ ते खणत राहिले, आणि प्रकृती सुधारत गेली. खणता खणताच राम-भरत भेटीचे प्राचीन शिल्प मातीतून वर आले. ते आज पवनारच्या मंदिरात आहे. पुढे विनोबांनी शेतीचे तीन प्रकार सांगितले. हातांनी केलेली ती ऋषीखेती, बैलांनी केलेली ती ऋषभखेती आणि यंत्राने केलेली ती इंजिनखेती. बैल हेच ऋषभदेवांचे लांछन आहे, हे जैन वाचकाला निराळे सांगावयास नको. १९५९ मध्ये पवनारला ब्रह्मविद्यामंदिराची स्थापना झाली. तेथील भगिनींच्या जीवनक्रमात उपासना, अध्ययन आणि शेतीतील श्रम यांना सारखेच स्थान देण्यात आले.

मात्र सेवाग्रामच्या उन्हाळ्याची सर्वांत गंभीर आठवण १९४७ च्या मे महिन्याची आहे. तोवर गांधीजी तेथे नव्हते. २५ ऑगस्ट १९४६ रोजी ते सेवाग्रामहून निघाले, ते परत आलेच नाहीत. नौखालीपासून दिल्लीपर्यंत देश जळत होता. यजमान दूर असताना आश्रमात एक वृद्ध अतिथी होते. ते म्हणजे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी.

गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले कोसंबी ज्ञानाच्या ओढीने घर सोडून निघाले. काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश अशी भ्रमंती त्यांनी केली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते पाली शिकवीत. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला आणि मुंबईत परळच्या कामगारवस्तीत बहुजनविहार उभारला. प्राचीन श्रमणांच्या आहाराविषयीच्या त्यांच्या काही मतांमुळे जैन समाजात तीव्र नाराजीही उमटली होती. जुन्या पिढीतील वाचकांना तो वाद आठवत असेल.

अशा या विद्वानाने आयुष्याच्या शेवटी जैनांच्या सल्लेखनेसारखा मार्ग निवडला. शरीर व्याधींनी जर्जर झाले होते. आपल्याकडून आता सेवा होत नाही, उलट इतरांना सेवा करावी लागते, हे त्यांना सहन होईना. उत्तर भारतात असताना त्यांनी अन्नत्याग आरंभिला, तेव्हा गांधीजींनी आग्रहाने तो सोडावयास लावला आणि उपचारांसाठी वर्ध्याकडे येण्यास सांगितले. कोसंबींनी मित्राचा शब्द मानला आणि ते सेवाग्रामला आले. उपचारांनी गुण आला नाही. अखेर मे महिन्यात पुन्हा सुरू झालेला त्यांचा उपवास सुमारे महिनाभर चालला.

तो महिना डोळ्यांपुढे आणताना आश्रमाचा नित्यक्रम विसरून चालत नाही. प्रार्थनेची घंटा रोजच्याच वेळी होत होती. चरखे फिरत होते, गाई चारावयाच्या होत्या आणि झाडांना पाणी घालावयाचे होते. बाहेर लू वाहत असताना मातीच्या एका खोलीत एक जीव शांतपणे विझत होता आणि आश्रमवासी त्याची शुश्रूषा करीत होते. याच आश्रमात १९३९ मध्ये कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आले होते. त्यांच्यासाठी जवळच कुटी बांधून गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करीत असत. त्याच शुश्रूषेचा वारसा कोसंबींच्या वाट्याला आला. ज्या माणसाला कोणावर भार व्हावयाचे नव्हते, त्याचा भार या लोकांनी भार मानलाच नाही. आश्रम आणि मैत्री या दोन शब्दांचा याहून वेगळा अर्थ सांगता येईल असे वाटत नाही.

४ जून १९४७ रोजी कोसंबींनी देह ठेवला. आदल्याच दिवशी देशाच्या फाळणीची योजना जाहीर झाली होती. वृत्तपत्रांत दुसऱ्या कशाला जागा उरली नव्हती. तरीही ५ जूनच्या दिल्लीतील प्रार्थनासभेत गांधीजी कोसंबींविषयी बोलले. गाजावाजा न करता सेवा करणाऱ्यांची नावे लोकांना ठाऊक नसतात, असा त्या बोलण्याचा आशय होता. दोन-तीन दिवसांत मृगाचे दिवस सुरू होणार होते आणि वखरून ठेवलेली शेते पावसाची वाट पाहत होती.

कोसंबींच्या निधनानंतर त्यांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’. पुढच्या श्रमण विचारांचा उगम त्यांनी पार्श्वनाथांच्या चार यामांत पाहिला. ज्यांच्याशी समाजाचा वाद झाला, त्यांचा अखेरचा शब्द तेविसाव्या तीर्थंकरांविषयीच्या आदराचा होता. विनोबांचे ऋणही असेच आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त १९७४ मध्ये, त्यांच्याच प्रेरणेने, जिनेंद्र वर्णींनी संकलित केलेला ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ सर्व संप्रदायांनी मान्य केला. पुढे पवनारलाच अन्न-औषधांचा त्याग करून विनोबांनी १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दीपावलीच्या म्हणजे महावीर निर्वाणाच्या दिवशी, देह ठेवला.

आपण उपवासाचे गुणगान करतो, ते योग्यच आहे. पण पवनार-सेवाग्रामची भूमी त्या उपवासामागचे दिवस दाखविते. कुदळीचा एकेक घाव, आळ्यात ओतलेली एकेक घागर, आजाऱ्याच्या उशाशी काढलेली एकेक रात्र, यांतून ती वृत्ती घडत आली. सोडण्याचा अधिकार आधी पुष्कळ दिलेल्यालाच शोभतो.

म्हणून पुढच्या वेळी भद्रावतीला निघालेल्या यात्रेकरूने एक दिवस हाताशी ठेवावा आणि सेवाग्राम स्टेशनावर उतरावे. ऊन असेल तर असो. सकाळी लवकर बापूकुटी पाहावी, दुपार पिंपळाच्या सावलीत काढावी, उतरत्या उन्हात पवनारला धाम नदीच्या काठी बसावे. पार्श्वनाथांच्या दर्शनाला दुसऱ्या दिवशी जाता येईल. त्यांच्या चार यामांची ओळख मात्र आदल्या दिवशीच झालेली असेल.