ओल्ड नंबर वनचे लोखंड

जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याकडे आमच्यासारख्या मराठीच्या मास्तराने जाण्याचे वास्तविक काही कारण नव्हते. इंग्लंडात भाच्याकडे मुक्काम असताना एका शनिवारी त्याने गळ घातली म्हणून आम्ही गेलो. शर्यतीच्या जुन्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. तेलाचा आणि कातड्याचा वास दरवळत होता. आम्ही मात्र गाड्यांपेक्षा एका टेबलावरच्या जाडजूड फायलीतच रमलो. विक्रीस काढलेल्या एका गाडीची ती बखर होती. ती कोणी घेतली, कोणाला विकली, कोठे धावली, इंजिन केव्हा बदलले, त्या सर्वांच्या पावत्या आणि पिवळी पडलेली छायाचित्रे. पोथ्यांच्या अभ्यासात ज्याला आपण परंपरा म्हणतो, तीच येथे किंमत लावून ठेवली होती. गाडी त्या फायलीसोबत मिळत होती म्हटले तरी चालेल.

सवयीने आम्ही विचारले, “यात मूळचे किती?”

विक्रेते गृहस्थ मुळीच रागावले नाहीत. “शर्यतीची गाडी आहे. ती मोडणारच आणि दुरुस्तही होणारच,” एवढे म्हणून त्यांनी एका खटल्याचे नाव घेतले. तो खटला वाचल्यावाचून मग आम्हाला चैन पडेना.

खटला 1990 सालचा, लंडनच्या उच्च न्यायालयातला. वादाचा विषय ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी बेंटली ‘स्पीड सिक्स’. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत या गाडीने 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. पहिल्या वर्षी वूल्फ बार्नाटोसोबत हेन्री बर्किन होता, दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. पुढच्याच वर्षी, 1931 मध्ये, बेंटली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. गाडीचे नाव मात्र राहिले. सहा दशकांनी तिच्या मालकाने ती मिडलब्रिज नावाच्या कंपनीस एक कोटी पौंडांना विकण्याचा करार केला. कंपनीने नंतर हात आखडता घेतला. ही ती गाडीच नव्हे, असा तिचा दावा.

तज्ज्ञाने गाडी उघडून तपासली. त्याच्या अहवालाचा तो भाग आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. 1929 च्या गाडीतले, काळ निश्चित करता येणार नाही असे किरकोळ सुटे भाग सोडले तर, काही उरले नव्हते. 1930 च्या गाडीतले उरले होते ते पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा खांब. बस्स. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. या गाडीस ‘मूळ’ म्हणता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. परंतु ती कधी नाहीशी झाली नाही, तिचा इतिहास कोठे तुटला नाही आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही; म्हणून ती ‘अस्सल’ ओल्ड नंबर वनच. ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ हे दोन शब्द आपण किती सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो, हे आम्हास त्या निकालाने शिकविले. रथ म्हणजे आस नव्हे, चाके नव्हेत, जू नव्हे, असे मिलिंद राजाला पटविणारा नागसेन त्या न्यायालयात असता तर त्याने मान डोलावली असती की नाही, कोण जाणे. त्याच्या मते रथ हे नुसते नाव; न्यायमूर्तींच्या मते नावालाही चरित्र असते.

येथवर सारे आमच्या ओळखीचेच होते. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, आणि राजवाड्यांनी 1909 साली एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत छापली, तेव्हापासून आपण हेच भांडण भांडत आलो आहोत.

पण अहवालात पुढे आणखी एक यादी आहे. गाडीचा सांगाडा, पुढचा आस, मागचे ब्रेक, आठ लिटरचे इंजिन हे सगळे भरभक्कम लोखंड आले कोठून? ते 1932 च्या गाडीचे आहे. त्या वर्षी नवा सांगाडा आणि मोठे इंजिन बसवून ही गाडी ब्रुकलँड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरली. क्लाइव्ह डन्फी हा तरुण ती चालवत होता. गाडी उतरत्या काँक्रीटच्या कडेवरून पलीकडे गेली आणि तो ठार झाला. बार्नाटोने त्या अवशेषांवर छपराची दोन आसनी गाडी बांधून घेतली.

म्हणजे नाव विजयाचे आणि लोखंड अपघाताचे. ल मांची गाडी म्हणून ज्यावर हात ठेवायचा, तो सांगाडा ल मांला कधी गेलाच नव्हता. तो डन्फीच्या मरणाचा साक्षीदार आहे. एक कोटी पौंड मात्र दोन विजयांचे होते.

हे वाचले आणि आम्हास आमचेच एक जुने काम आठवले. पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका पोथीची पाठचिकित्सा केली होती. लेखकूने घुसडलेल्या ओव्या नेमक्या हुडकून काढल्याचा त्या वयात मोठा अभिमान होता. पोथीच्या शेवटी त्याने चार ओळी लिहिल्या होत्या: लेखन चालू असता आपला मुलगा गेला, हात कापत होता, चुका झाल्या असतील, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. त्या ओळी मूळ कवीच्या नव्हेत म्हणून आम्ही छापल्या नाहीत. प्रस्तावनेतही उल्लेख केला नाही. आमच्या हाती असलेला कागद, ती शाई, ते अक्षर सगळे त्याच माणसाचे होते. कवीचे त्यात पेडलच्या दांड्याएवढेही नव्हते. ती पोथी पुढे ज्यांच्या घरातून आली त्या घरीच परत गेली. ते घर आता पडले आहे.

परतण्याआधी भाच्यास म्हटले, ब्रुकलँड्स दाखव. तेथे आता संग्रहालय आहे. 1907 साली बांधलेल्या त्या धावपट्टीचा उंच चढत गेलेला एक भाग अजून उभा आहे. काँक्रीटच्या भेगांतून गवत आले आहे, वर झाडे झुकली आहेत. खालून पाहताना तो उतार कल्पनेपेक्षा फार तीव्र वाटतो. आम्ही बराच वेळ वरच्या कडेकडे पाहत उभे राहिलो.

“मामा, फोटो काढू का?” भाच्याने विचारले.

आम्ही नको म्हटले, आणि क्लाइव्ह डन्फीचे नाव वहीत लिहून घेतले.