आठ नंबरचा ओपिनेल आणि कोकणातला पाऊस

बागेत वावरणाऱ्या माणसाच्या खिशात चाकू हवाच. आमच्या रत्नागिरीच्या बागेत माझ्याकडे गेली काही वर्षं ओपिनेलचा आठ नंबरचा चाकू आहे. फ्रान्समध्ये नोकरी करणाऱ्या भाच्याने तो आणून दिला. तिकडे तो दहा-पंधरा युरोंच्या आसपास मिळतो. अशा स्वस्त वस्तूवर कामासाठी कितपत विसंबता येतं, हे मला पाहायचं होतं.

फ्रान्समधल्या आल्प्सच्या सावोआ भागात जोझेफ ओपिनेलने १८९० मध्ये हा चाकू घडवला, तो तिथल्या शेतकऱ्यांसाठी. रचना अगदी साधी: साडेआठ सेंटिमीटरचं पातं, बीचच्या लाकडाची मूठ, एक खिळा आणि मुठीच्या तोंडाशी पोलादी कडं. या कड्यावर फिरणारी जी कडी आहे, ती १९५५ मध्ये आली. पातं उघडून कडी फिरवली की ते बोटांवर मिटत नाही. आत स्प्रिंग नाही. पातं लाकडाच्या घट्टपणावरच धरून राहतं. म्हणजे मूठ नुसती धरायला नाही, ती यंत्राचाच भाग आहे. खरी परीक्षा इथेच होते.

जूनमध्ये हवा दमट झाली की लाकूड फुगतं आणि पातं फटीत आवळलं जातं. ओल्या बोटांनी नखाच्या खाचेत कितीही जोर लावा, ते हलत नाही. सावोआच्या लोकांची यावर युक्ती आहे: कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, मग पात्याचं टोक आपोआप वर येतं. मी पडवीच्या कठड्यावर ठोकतो, काम होतं. पण हातात पेटीची सुतळी धरलेली असताना हे करणं जमत नाही. म्हणून मे महिन्यातच फटीत बारीक पॉलिश पेपर फिरवतो आणि मुठीला जवसाच्या तेलाचे पातळ हात देऊन प्रत्येक हात नीट वाळवतो. खोबरेल इथे कामाचं नाही. ते लाकडात वाळत नाही, चिकट राहतं.

कापण्याच्या बाबतीत मात्र या चाकूवर माझा जीव आहे. पातं पातळ आहे, त्यामुळे पेरू, हापूस, पुठ्ठा, सुतळी यांत ते अडकत नाही. आंब्याची साल इतकी पातळ निघते की आईसुद्धा विळी बाजूला ठेवून तो मागते. कलमं करायला मात्र तो घेऊ नका. त्यासाठी एकाच बाजूने धार दिलेला कलमचाकू लागतो. दोन्ही बाजूंनी धार असलेल्या पात्याने काप हवा तसा सपाट येत नाही. शहाळं फोडायला कोयता आहेच. आणि डब्याचं झाकण उचकटायला याचं टोक वापरलं तर ते मोडेल, पातळपणाची तेवढी किंमत आहे.

पात्याचे दोन प्रकार मिळतात. भाच्याने आधी कार्बन पोलादाचा आणला होता. त्याला धार सुरेख लागते, धारेच्या दगडावर थोडं घासलं तरी पुरतं. पण कैरी कापली की पातं निळंकाळं पडतं, फोडींनाही लोखंडाची चव येते. लोखंडी विळी वापरलेल्या घरात काळ्या पात्याचं कुणाला नवल नाही, आणि त्या काळेपणाने बिघडतही नाही. बिघडवतो तो तांबडा गंज. पावसाळ्यात ओला राहिलेला चाकू सकाळी तांबडा दिसतो. रोज पुसून तेलाचं बोट फिरवणाऱ्यालाच हा प्रकार परवडेल. दुसरा, न गंजणाऱ्या पोलादाचा. त्याच्या पात्यावर ‘इनॉक्स’ असा छाप असतो. धार लावायला थोडा जास्त वेळ जातो, पण आंब्याचा चीक आणि पावसाचं पाणी त्याला बाधत नाही. आता माझ्या खिशात हाच असतो.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर आठ नंबरचा इनॉक्सच घ्या, आणि पहिल्या पावसाआधी मुठीला जवसाचं तेल द्या. प्रवासाला निघताना मात्र तो घरी ठेवा किंवा चेक-इनच्या सामानात टाका. विमानात हातातल्या पिशवीतून चाकू नेऊ देत नाहीत.