वेसाव्याची मावशी आणि मुंबईचे महापौर

वर्सोव्याला मेट्रोने जाता येते, ही गोष्ट माझ्या मनाला अजून पुरती पटलेली नाही. 2014 च्या जूनमध्ये ती गाडी सुरू झाली, तेव्हापासून अंधेरीहून वर्सोवा म्हणजे चुटकीसरशीचा प्रवास झाला आहे. आमच्या लहानपणी अंधेरी स्टेशनाबाहेर बसची वाट पाहत ताटकळावे, बस सात बंगल्यापुढे सरकली की वाऱ्याचा वास बदलावा आणि डोळ्यांच्या आधी नाकाने सांगावे, ‘आले वर्सोवे!’ मेट्रो आली, उंच इमारती आल्या. पण नाकाची ती साक्ष आजही खोटी ठरत नाही.

आमच्या हापिसातला एक जुना स्नेही इथल्या कोळीवाड्यातला. त्याच्या आईला आम्ही सगळेच मावशी म्हणतो. वय सत्त्याऐंशी, पण कोलंबी सोलताना हात असा चालतो की पाहणाऱ्याने लाजावे. गेल्या हिवाळ्यात तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते. खाडीतून मढला जाणारी तर माणसे भरून निघाली होती. पलीकडच्या तीरावर वेसाव्याचा किल्ला उन्हात उभा होता. पोर्तुगीजांनी बांधलेला, 1739 साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला आणि 1774 साली इंग्रजांकडे गेलेला. इतके धनी पाहिलेल्या किल्ल्यासमोर बसून आमचे बोलणे धन्यांवरच गेले, यात नवल नाही.

मावशीने एकदम विचारले, “काय रं पोरा, ह्यो महापौर म्हंजे नक्की कोन?”

साठी उलटलेल्या मला ‘पोरा’ म्हणणारे आता फारसे कोणी उरलेले नाही. त्यामुळे त्या प्रश्नापेक्षा त्या हाकेनेच मी आधी सुखावलो. स्नेही हसून म्हणाला, “याला विचार, आई. याच्या वडिलांना महापौर तोंडपाठ होते!”

खरेच होते. वडील फोर्टात कारकुनी करत. रविवारी मला बोरीबंदरासमोर महापालिकेच्या इमारतीपाशी नेत, फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्याखाली उभे करत आणि पेशव्यांची वंशावळ म्हणावी तशी महापौरांची नावे म्हणत. मेहतांच्या काळी महापौर हा शब्द नव्हता. पालिकेचा अध्यक्ष असे. 1931 साली त्या अध्यक्षाचा महापौर झाला आणि जे. बी. बोमन-बेहराम हे पहिले महापौर ठरले. मुंबई सेंट्रलजवळच्या रस्त्याला त्यांचेच नाव आहे. पुढे 1935 मध्ये वीर नरिमन, 1937 मध्ये बेने इस्रायल समाजाचे डॉ. एलिजा मोझेस, 1942 मध्ये युसुफ मेहेरअली, 1943 मध्ये मिनू मसानी. मेहेरअलींचे नाव आले की वडिलांचा आवाज चढे. कारण महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा ते लाहोरच्या तुरुंगात होते!

“आनि आमचं वेसावं मुंबयत गेलं तवा कोन होता?” मावशीने विचारले.

ते साल 1950. त्या वर्षी उपनगरे मुंबई महापालिकेच्या हद्दीत घेतली गेली. महापौर होते स. का. पाटील. 1949 पासून लागोपाठ तीन वर्षे त्यांनी ती खुर्ची सांभाळली.

“म्हंजे तिकडंबी पाटीलच!” मावशी खुदकन हसली. “तवा मी बारा-तेरा वर्सांची. बापूस घरी येऊन बोलला, आजपासून आपुन मुंबयचं. आय बोलली, मंग कालपतुर कुठलं होतो? पन आमचा गावचा पाटील समद्यांना म्हायती. दारात जाऊन हाक मारावी. ह्यो शहराचा पाटील कुठं भेटायचा?”

मी सांगितले की शहराचा हा पाटील दरवर्षी बदले. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत आचार्य मो. वा. दोंदे आले, 1958 मध्ये कम्युनिस्ट मिरजकर, 1959 मध्ये दलित समाजातले पी. टी. बोराळे. स्त्रियाही आल्या, 1956 च्या सुलोचना मोदींपासून निर्मला सामंत-प्रभावळकर, शुभा राऊळ, किशोरी पेडणेकर यांच्यापर्यंत. पुढे मुदत अडीच वर्षांची झाली. अमेरिकेतल्या शिकागो शहरात मात्र रिचर्ड डेली 1955 साली महापौर झाले, ते 1976 साली मरेपर्यंत एकवीस वर्षे हलले नाहीत. आणि पुढे त्यांच्या मुलाने तीच खुर्ची 1989 पासून बावीस वर्षे चालवली!

“बाप रे! मंग त्याच्या हातात लई असंल.”

“असतेच. तिथे लोक महापौराला थेट मत देतात आणि कारभारही तोच पाहतो. आपल्याकडे नगरसेवक त्याला निवडतात. तो सभा चालवतो, पाहुण्यांचे स्वागत करतो. कारभार मात्र 1888 च्या कायद्याने आयुक्ताच्या हाती आणि आयुक्त नेमते सरकार. 1998 साली महापौराच्या हाती कारभार देऊन पाहिला. पण वर्षभरातच तो प्रयोग गुंडाळला.”

मावशी कोलंबी सोलायची थांबली. तिने बंदरातल्या होडीकडे बोट केले. “म्हंजे सुकानू तांडेलाच्या हातात, आनि महापौर डोलकाठीवरचं निशान.”

इतक्या वर्षांत मला जे नीट मांडता आले नव्हते, ते मावशीने एका वाक्यात उरकले. मी जरा खट्टू होऊनच म्हणालो, “तसेच. 2022 च्या मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आला आणि कित्येक महिने ते निशाणही नव्हते. तरी शहर चाललेच की!”

“चालंल. सुकानू हाय तर होडी चालंल,” मावशी म्हणाली. “पन येका वर्सी वादळात आमच्या मालकांची होडी दोन दिस आली नाय. आमी बाया हितंच उभ्या. लांब होड्या दिसल्या, तर कोनाची कुठली काय कलंना. मंग निशान दिसलं. तांडेल कोन दिसतो येवढ्या लांबून? निशान दिसलं, तवा जीवात जीव आला.”

कोणी काही बोलले नाही. मावशीने पुन्हा कोलंबी हातात घेतली.

वडिलांनी ती नावे का पाठ केली असतील, हे मला त्या ओट्यावर उमगले. एका खोलीत आठ माणसांचे बिऱ्हाड चालवणाऱ्या त्या कारकुनाला आयुक्ताशी कधी काम पडले नाही. पण पारशी, ज्यू, मुसलमान, कम्युनिस्ट, दलित असे एकामागून एक त्या खुर्चीत बसलेले पाहून त्याला दुरूनच ओळख पटत असावी की ही होडी आपलीच आहे.

उठताना मावशीने सोड्यांची पुडी हातात ठेवली. म्हणाली, “येत जा रं. आनि पुढल्या खेपंला सांग, आता महापौर कोन हाय त्ये.”

आता मीही नावे पाठ करू लागलो आहे.