आदिलाबादच्या आभाळातील टपाल

पांढरकवड्याहून दक्षिणेस निघालेला प्रवासी पैनगंगा ओलांडतो आणि आदिलाबाद जिल्ह्यात पाऊल ठेवतो. दुतर्फा कापसाची शेते, पलीकडे सागाची राने; बाजारात तेलुगूबरोबर मराठी व गोंडीही कानी पडते. राज्य तेलंगणाचे, तरी मराठी माणसास येथे परके वाटत नाही.

येथील मुलांनी विमानांची टपाल तिकिटे जमवावी, असे आम्ही सुचवितो. 'जेथे विमानाने येणेजाणे नाही, तेथे हा छंद कशाला?' असे कोणी विचारील. उत्तर नकाशात आहे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील विमाने रात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि माघारी जात. मद्रास ते नागपूर सरळ रेघ ओढून पाहा. ती जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील आसिफाबादजवळून जाते. त्याच वर्षी एप्रिलपासून साधी पत्रेही जादा आकाराशिवाय विमानाने जाऊ लागली. ज्या शेतकऱ्याने विमान जवळून पाहिलेही नव्हते, त्याचे पत्र विमानात बसू लागले!

या टपालाचा आरंभ एका सत्कार्यातून झाला, हे आमच्या वाचकांस आवडेल. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीस सुमारे ६,५०० पत्रे नेली. अंतर अवघे दहा किलोमीटर. पण जगातील पहिले अधिकृत हवाई टपाल ते हेच. पत्रामागे घेतलेले सहा आणे तेथील ख्रिस्ती विद्यार्थी वसतिगृहास मिळाले. या घटनेस ५० वर्षे झाली तेव्हा, १९६१ साली, भारतीय टपालखात्याने तीन तिकिटे काढली.

त्यापूर्वी, १९४८ साली, मुंबई–लंडन विमानसेवेच्या आरंभानिमित्त बारा आण्यांचे तिकीट निघाले होते. १९७९ च्या संचात टपाल वाहणारी चार हवाई वाहने आहेत. त्यांत लहानग्या 'पस मॉथ'पासून प्रचंड 'बोइंग ७४७'पर्यंतची प्रगती एका दृष्टिक्षेपात दिसते.

मुलांनो, सुटे तिकीट कागदासह थंड पाण्यात भिजत ठेवावे, आपोआप सुटले की टिपकागदावर वाळवावे. ओढून काढू नये. परंतु जुने पाकीट शिक्क्यासह जसेच्या तसे जपावे. तारीख व गाव त्या शिक्क्यातच असते.

आणि वडीलधाऱ्यांनो, या भागातील कित्येक पुत्र पोटासाठी आखाती देशांत गेले. त्यांची जुनी पत्रे ट्रंकेच्या तळाशी पडली असतील. घर झाडताना ती चुलीत घालू नका. आता निरोप दूरध्वनीवरून येतात आणि बोलणे संपताच विरून जातात. मुलास शेजारी बसवून ते पाकीट उघडा, शिक्का वाचावयास लावा, आणि ते पत्र आले त्या दिवशी घरात काय घडले, तेही त्यास सांगा.